फेब्रुवारी-मार्चची उशिराची थंडी : खानदेशातली केळीबाग कशी सांभाळायची

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत पळते, असं आपल्याकडे म्हणतात. बहुतेक वर्षी ती पळतेही. पण एखाद्या वर्षी हिमालयात बर्फ उशिरापर्यंत पडत राहतो, साचून राहतो, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर, कधी मार्चच्या तोंडावर, तापीकाठच्या बागांत पारा पुन्हा एक अंकी होतो. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत सांताक्रूझला ८.५ अंश तापमान नोंदलं गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये ८.८. समुद्रकाठच्या मुंबईची ही गत, तर रावेर-यावलच्या उघड्या शिवारात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला आपण तयार असतो. फेब्रुवारीत मात्र शेडनेट गुंडाळून ठेवलेली असते, दुपारचं ऊन तिशीच्या पुढे गेलेलं असतं, खतांचे डोस वाढवलेले असतात आणि डोक्यात उन्हाळ्याच्या पाण्याची चिंता सुरू झालेली असते. बाग वाढीला लागलेली असते, आणि नेमकी तेव्हा थंडी परत येते. म्हणून हा लेख फक्त या उशिराच्या थंडीसाठी. भर केळीवर आहे. पपई, कलिंगड, हरभरा आणि जनावरांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

ही थंडी केळीला जास्त का बाधते

केळीला २५ ते ३० अंशांत मजा वाटते. १६ अंशांच्या खाली नवं पान निघण्याचा वेग जवळपास थांबतो. १३ अंशांच्या खाली फळाच्या सालीला इजा होऊ लागते. शून्याजवळ पानं सरळ करपतात, पण तशी वेळ तापीच्या खोऱ्यात सहसा येत नाही. तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात, सातपुड्याच्या उंचीवर, दवबिंदू गोठतात. खाली सपाटीवर आपलं नुकसान होतं ते ६ ते १० अंशांच्या सलग रात्रींनी.

फेब्रुवारीत दोन्ही बागा नाजूक टप्प्यावर असतात. जून-जुलैत लावलेली मृगबाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेली असते. थंडीने पानांचे देठ आखडतात, पानं शेंड्याला पंख्यासारखी एकात एक दाटतात आणि घड खोडाच्या तोंडातच अडकतो. बाहेर आला तरी दांडा आखूड, फण्या एकमेकींवर चढलेल्या. हे नुकसान डोळ्यांना दिसतं. कांदेबागेचं दिसत नाही. ऑक्टोबरच्या आसपास लावलेल्या कांदेबागेत या दिवसांत खोडाच्या आत घड धरायची तयारी चाललेली असते. किती फण्या येणार, किती केळी लागणार, याचा निर्णय आत होत असतो. त्या वेळी बसलेला मार बाहेर येतो तो मे-जूनमध्ये, कमी फण्यांच्या घडाच्या रूपाने. तेव्हा आपण दोष खताला देतो, रोपांना देतो, उन्हाला देतो. म्हणून कांदेबाग हिरवीगार दिसते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

थंडी दोन-तीन दिवस आधी ओळखा

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात बर्फ टाकतात. ताजा बर्फ सूर्याचा बहुतेक प्रकाश परत फेकतो. जमीन तापत नाही, त्यावरची हवा थंडच राहते. झंझावात पूर्वेला सरकला की त्याच्या मागून वायव्येचे आणि उत्तरेचे कोरडे वारे पंजाब-राजस्थानच्या सपाटीवरून खाली उतरतात आणि मध्य प्रदेश ओलांडून आपल्यापर्यंत येतात. बर्फ जितका जास्त आणि जितका उशिरापर्यंत टिकलेला, तितकी या वाऱ्यांना धार.

आपल्या कामाची गोष्ट अशी की हा क्रम बऱ्याच वेळा सारखाच असतो. आधी आपल्याकडे ढग येतात, रात्री उबदार होतात, ‘गेली थंडी’ असं वाटतं. मग आकाश एकदम निवळतं, वारा उत्तरेचा होतो, दिवसासुद्धा सावलीत गार लागतं. एक-दोन रात्री वारा वाहतो. नंतर वारा पडतो, आणि त्या निवांत, चांदण्यांनी भरलेल्या, कोरड्या रात्री पारा सगळ्यात खाली जातो. बातम्यांत काश्मीर-हिमाचलची बर्फवृष्टी दिसली की तिथून पुढचे तीन-चार दिवस सावध राहा. फोनवर हवामान विभागाचा जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि ‘मेघदूत’ अॅप बघा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्लाही वाचत जा.

हवामान विभागाच्या हिशेबात सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट म्हणतात. केळीला या व्याख्येशी काही देणंघेणं नाही. अंदाजात १० किंवा त्याखालचा आकडा दिसला की आपण कामाला लागायचं.

आपल्या बागेचा थंड कोपरा कोणता

फोनवर दिसणारा आकडा तुमच्या शेताचा नसतो. धुळ्याचं कृषी महाविद्यालय, जळगावजवळचं ममुराबाद, किंवा महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र यांचा आकडा आणि नाल्याकाठच्या तुमच्या बागेतला आकडा यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहते आणि खोलगट जागी साचते.

कमाल-किमान नोंदवणारा साधा तापमापक आणा. तो बागेच्या सगळ्यात खोलगट भागात, घडाच्या उंचीवर, पानाच्या आडोशाला टांगा. दुसरा घेता आला तर उंचवट्यावर लावा. सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. चार-सहा थंड रात्रींतच कळतं की आपल्या शेतात थंडी कुठून येते आणि कुठे बसते. मग सगळ्या बागेत धावपळ करायची गरज उरत नाही. मजूर, पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या), पाणी सगळं त्या कोपऱ्यावर आधी लावता येतं.

आता एक गोष्ट जी सल्ल्यांमध्ये फारशी येत नाही, पण खानदेशात फार महत्त्वाची आहे. तापीच्या उत्तरेला, म्हणजे रावेर, यावल, चोपड्याकडे, जमिनीचा उतार सातपुड्याकडून तापीकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. तिथे वारा उत्तरेचा आणि रात्री वाहून येणारी थंड हवाही उत्तरेची. उत्तरेला केलेला आडोसा दोन्ही थोपवतो. पण तापीच्या दक्षिणेला, जळगाव, पाचोरा, भडगावकडे, उतार साधारण उत्तरेला आहे. तिथे उत्तरेच्या बांधावर जमिनीपर्यंत गच्च शेडनेट लावली तर वारा अडतो खरा, पण निवांत रात्री तीच शेडनेट धरणाच्या भिंतीसारखी होते आणि थंड हवा बागेतच तुंबते. अशा शेतात शेडनेटचा खालचा दीड-दोन फूट भाग वारा पडल्यावर वर गुंडाळता येईल असा ठेवा. स्वतःच्या शेताचा उतार बघून ठरवा. गावाचा नियम प्रत्येक गटाला लागू होत नाही.

आदल्या दिवशी करायची कामं

सगळी धावपळ पहाटे करायची असा समज आहे. खरं काम आदल्या दुपारी होतं.

आधी आडोसा. उत्तर आणि वायव्य बाजूला हिरवी शेडनेट, नसेल तर बाजरीचा किंवा मक्याचा कडबा उभा बांधा, तुरीच्या तुराट्यांचे ताटवे लावा. उंची निदान बागेच्या निम्म्याइतकी हवी. आडोसा भिंतीसारखा ठोस नको. थोडा वारा झिरपू देणारा आडोसा जास्त लांबपर्यंत काम करतो. ठोस भिंतीला धडकलेला वारा वरून उडी मारून आत पडतो आणि पानं फाडतो.

मग घड. निसवलेल्या घडांना स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, घातली नसेल तर आता घाला. प्लॅस्टिकची पिशवी असेल तर १०० गेज जाडीची, थंडीत २ टक्के छिद्रं असलेली. उन्हाळ्यात वापरतात ती ६ टक्के छिद्रांची असते. फेब्रुवारीत दुपारी ऊन चढतं आणि रात्री गारठा असतो, त्यामुळे माझी पसंती न विणलेल्या कापडाच्या बॅगेला आहे. तिच्यात दुपारी घाम धरत नाही. पिशवीचं वरचं तोंड दांड्याला बांधा, खालचं मोकळं ठेवा. अजून एक साधं काम : घडाजवळचं निरोगी पान हलकेच घडावर वळवून ठेवा.

जमीन. निवांत रात्री बागेला ऊब देणारी मोठी गोष्ट म्हणजे दिवसभर तापलेली जमीन. ओली, बसलेली जमीन दिवसा उष्णता खोलपर्यंत घेते आणि रात्री परत देते. नुकतीच कुदळलेली, भुसभुशीत, कोरडी जमीन हे करत नाही. म्हणून थंडीचा इशारा असताना निंदणी, कुदळणी, मातीची भर लावणं थांबवा. दोन दिवस आधीपासून जमिनीत ओल राहील असं पाणी ठेवा. काळ्या भारी जमिनीत मात्र चिखल करू नका. मुळांशी पाणी साचलं की त्यांना हवा मिळत नाही आणि थंडीत आधीच मंदावलेली मुळं पार बसतात.

पालापाचोळ्याच्या आच्छादनाबद्दल लोक गोंधळतात. उसाच्या पाचटाचा किंवा केळीच्या पानांचा थर मुळांची ऊब राखतो, हे खरं. पण तोच थर जमिनीतली उष्णता वर हवेत येऊ देत नाही. मोठ्या, सावली धरलेल्या बागेत आच्छादन फायद्याचं आहे, राहू द्या. हरभरा, मिरचीची रोपं, भाजीपाला अशा बुटक्या पिकांत ओळींमधली जमीन उघडी आणि ओली असलेली बरी.

आता काय करायचं नाही ते. हिरवी पानं कापू नका. पानांचं छत रात्री जमिनीची उष्णता धरून ठेवतं. फक्त करप्याने, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाने, गेलेली पानं काढा आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करा. युरियाचा डोस पुढे ढकला. कोवळी, लुसलुशीत वाढ थंडीला आधी बळी पडते. पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कापायचं कामही चार दिवस थांबू द्या.

पालाशाचं मात्र उलट आहे. पोटॅशियम सल्फेट, म्हणजे ०:०:५०, दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम, स्टिकर (पानाला औषध चिकटवणारं द्रावण) घालून थंडीच्या आधी फवारलं तर पेशींमधला रस घट्ट राहतो आणि पानं थोडी तग धरतात. चमत्कार होत नाही, पण खर्चाच्या मानाने उपयोग आहे. फवारणी दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पान सुकतं. निंबोळी पेंड झाडाला पाव किलो टाकायची असेल तर ती थंडीच्या आदल्या दिवशी टाकून काम भागत नाही. ती हिवाळ्याच्या सुरुवातीला टाकायची गोष्ट आहे.

रात्र : आधी वारा बघा

इथे बहुतेकांचं चुकतं. थंडीच्या सगळ्या रात्री सारख्या नसतात, आणि एकाचा उपाय दुसरीला चालत नाही.

वाऱ्याची रात्र असेल, शेंड्याची पानं सळसळत असतील, तर शेकोट्या पेटवू नका. उष्णता आणि धूर दोन्ही शेजारच्या गटात निघून जातात, आणि वाळलेल्या पानांना आग लागायची भीती वेगळी. त्या रात्री आडोसा आणि पाणी एवढंच तुमच्या हातात आहे.

वारा पडलेली, निरभ्र रात्र असेल तर जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर पंधरा-वीस फुटांवर त्यामानाने उबदार हवा असे थर बसतात. या रात्री पाणी आणि शेकोटी दोन्ही कामाला येतात.

पाण्याचा हिशेब मांडून बघा. पाच बाय सहा फुटांवर लागवड असेल तर एकरी साधारण १,४५० झाडं बसतात. झाडाला १२ ते १४ लिटर धरले तर एकरी अठरा-वीस हजार लिटर. झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर दीड-पावणेदोन तासांचं काम. विहिरीचं किंवा ट्यूबवेलचं पाणी थंडीतही २५ अंशांच्या आसपास असतं. ते १५ अंशांपर्यंत निवेपर्यंत लिटरमागे १० किलोकॅलरी उष्णता सोडतं, म्हणजे एकरात जवळपास दोन लाख किलोकॅलरी. एवढी उष्णता मिळवायला पन्नास-पंचावन्न किलो वाळलेली पऱ्हाटी जाळावी लागेल, आणि पऱ्हाटीची बरीचशी उष्णता सरळ आकाशात जाते. पाण्याची मात्र जिथे हवी तिथेच, मुळांशी राहते. म्हणून माझ्या मते पाणी आधी, शेकोटी नंतर.

पाणी मध्यरात्रीनंतर सुरू करा. रात्री दोन-तीनला सुरू करून पहाटे पाचपर्यंत संपलं तर उत्तम. शेततळ्यातलं पाणी वापरायचं असेल तर थांबा : उघडं शेततळं रात्रभरात निवतं, ते पाणी मुळांना उलट गारठवतं. विजेची पाळी दिवसाची असेल तर दुपारी उशिरा पाणी देऊन ठेवा. तेही जमिनीतली उष्णता राखायला उपयोगी पडतंच.

तुषार सिंचन केळीवर किंवा पपईवर रात्री चालवू नका. आपल्याकडची फेब्रुवारीची हवा कोरडी असते. पानावरचं पाणी वाफ होऊन उडताना पानाचीच उष्णता घेऊन जातं आणि ते आणखी गार पडतं. तुषारचा फायदा होतो तो पारा शून्याला टेकतो तिथे. तिथेही एकदा सुरू केलं की ऊन येऊन बर्फ वितळेपर्यंत बंद करायचं नसतं.

आता शेकोट्या. एकरात चार मोठे जाळ करण्यापेक्षा पंचवीस-तीस लहान ढीग करा. मोठा जाळ हवेला भोक पाडल्यासारखा वर जातो आणि आजूबाजूची थंड हवा आत ओढतो. लहान, मंद ढीग थरांमधली हवा हळूहळू ढवळतात. ढीग दुपारीच रचून ठेवा : तळाला पऱ्हाटी किंवा तुराट्या, वर ओलसर पालापाचोळा, केळीची वाळकी खुंटं, गोवऱ्यांचे तुकडे. ढीग बांधावर आणि मोकळ्या पट्ट्यात, ठिबकच्या नळ्यांपासून निदान पाच-सहा फूट लांब असावेत. लोंबणारी वाळलेली पानं त्या जागची आधीच काढून टाका.

पेटवायची वेळ तापमापक सांगतो. खोलगट भागातला पारा १० च्या खाली उतरायला लागला, साधारणपणे पहाटे तीन-चारला, की पेटवा. सगळ्यात थंड वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची आणि सूर्योदयाच्या सुमाराची असते. लोकांना धुराचं फार कौतुक आहे. धुराचं पांघरूण जमिनीची उष्णता अडवतं असं म्हणतात, पण धूर ते काम फारसं करत नाही, खरा उपयोग जाळाच्या उष्णतेचा आणि हवा हलण्याचा आहे. शिवाय सूर्य वर आल्यानंतर धूर बागेवर राहिला तर ऊनच अडतं आणि बाग उशिरा तापते. उजाडलं की ढीग विझवा. रस्त्यालगत शेत असेल तर धुराने समोरचं वाहन दिसत नाही, तिथे शेकोट्या करूच नका. घरात दमेकरी माणूस असेल तर त्याला या कामापासून लांब ठेवा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याचा वावर असतो. रात्री एकट्याने पाणी भरायला जाऊ नका, दोघं-तिघं जा, बॅटरी आणि काठी घ्या. पंपाच्या स्टार्टरला ओल्या हाताने हात लावू नका. पिकापेक्षा जीव मोठा आहे.

सकाळपासून पुढचे पंधरा दिवस

थंडीची लाट गेली की बाग पिवळी पडलेली दिसते, पानांच्या कडा तपकिरी होतात, आणि मन म्हणतं काहीतरी टाका. घाई करू नका. मुळं गारठलेली असताना जमिनीतून दिलेलं खत उचललं जात नाही. पिवळेपणा बऱ्याच वेळा स्फुरद किंवा जस्त कमी असल्याने नसतो, गार मुळांना ते घेता येत नसल्याने असतो. किमान तापमान सलग तीन-चार दिवस १४-१५ च्या वर राहिलं की ठिबकमधून खतं पुन्हा सुरू करा, आधी अर्ध्या मात्रेने.

बाग सावरतेय का, हे पानावरून ओळखा. शेंड्याची सुरळी निघालेली असते तिथे, तिच्या शेजारच्या पानाच्या देठावर मार्करने तारीख लिहा. सुरळी उघडून पुढची दिसू लागली की परत तारीख लिहा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आठ-दहा दिवसांनी नवं पान येतं, थंडीत हेच अंतर पंधरा-वीस दिवसांवर जातं. अंतर कमी व्हायला लागलं म्हणजे मुळं कामाला लागली. हा पुरावा पानाच्या रंगापेक्षा भरवशाचा आहे. दहा झाडांवर तारखा लिहिल्या तरी पुरतं.

थंडी आणि दव यांच्या जोडीला करपा येतो. झाडावर घड भरण्यासाठी निदान आठ-दहा निरोगी पानं लागतात, त्यामुळे ही पानं वाचवणं हेच पुढचं काम. रोगट भाग कापून बागेबाहेर न्या आणि प्रोपिकोनॅझोल १० मिली दहा लिटर पाण्यात, स्टिकर घालून फवारा. पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. लेबलवरची मात्रा आणि काढणीपूर्वीचा कालावधी वाचल्याशिवाय डबा उघडू नका. निर्यातीचा माल असेल तर घेणाऱ्याला विचारूनच औषध निवडा.

घड पूर्ण निसवल्यावर, शेवटच्या फण्या उघडल्या की केळफूल काढून अर्धा टक्का पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि एक टक्का युरिया यांची फवारणी घडावर करा, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम आणि १०० ग्रॅम. थंडीने मागे पडलेला घड याने सावरतो. अर्धवट अडकलेल्या घडांच्या दांड्यावर ताण असतो, ते वाऱ्यात आधी मोडतात, त्यांना बांबूचा किंवा पट्टीचा आधार सगळ्यात आधी द्या. चारच फण्या धड असतील तर बाकीच्या वेड्यावाकड्या काढून टाका. त्यांना पोसण्यात झाडाची ताकद जाते.

कापणीला आलेला माल

चरका बसलेला, म्हणजे थंडीने सालीच्या आतून इजा झालेला, माल ओळखायची एक खूण आहे. मधल्या फणीतलं एक केळं घ्या आणि नखाने किंवा चाकूच्या टोकाने सालीचा अगदी पातळ पापुद्रा लांबट काढा. खाली हिरवट-पांढरा भाग स्वच्छ असेल तर ठीक. बारीक तपकिरी रेषा दिसल्या तर चीक वाहून नेणाऱ्या नळ्या थंडीने गेल्या आहेत. असं केळं बाहेरून आज हिरवं दिसतं, पण पिकायला लावल्यावर पिवळं होण्याऐवजी करड्या रंगाचं होतं. व्यापाऱ्याला ते तिकडे पोचल्यावर कळतं आणि मग भावात कापलं जातं. म्हणून कापणीच्या आधी पाच-सहा झाडांवर ही तपासणी स्वतः करा.

थंडीत घड भरायला जास्त दिवस लागतात. दिवस मोजून कापणी करू नका, केळ्याच्या कडा गोलावल्या का ते बघा. दोन-तीन आठवडे उशीर झाला तर चालेल.

आपला बराच माल दिल्ली, पंजाब, हरियाणा, पुढे जम्मू-काश्मीरकडे जातो. तिकडे बर्फ पडून जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद झाला की ट्रक वाटेत अडकतात आणि १३ अंशांच्या खालच्या हवेत उघड्यावरची केळी रात्रभरात काळवंडतात. त्या दिवसांत माल काढायच्या आधी व्यापाऱ्याला रस्ता सुरू आहे का, ते विचारा. ट्रकच्या तळाला आणि बाजूंना वाळलेल्या पानांचा जाड थर, वर ताडपत्री, आणि थंड रात्री प्रवासाला लागण्याऐवजी दुपारी लोडिंग, एवढं तरी सांभाळा.

विमा आणि नोंदी

हवामान आधारित फळपीक विम्यात अलीकडच्या वर्षांत केळीसाठी कमी तापमानाची अट १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर अशी राहिली आहे : सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. यंदाची अधिसूचना काढून तारखा आणि आकडे स्वतः वाचा, ते बदलतात. मार्चमध्ये थंडी पडली तर ती या मुदतीच्या बाहेर जाऊ शकते. इथे तुमच्या शेताचा पंचनामा होत नाही, महसूल मंडळाच्या केंद्राची नोंद ग्राह्य धरतात. त्यामुळे त्या केंद्राची रोजची नोंद आणि तुमच्या तापमापकाची नोंद शेजारी-शेजारी वहीत ठेवा. केंद्र बंद पडलं किंवा आकडा विचित्र वाटला तर कृषी सहाय्यकाकडे त्याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. ई-पीक पाहणीत केळीची नोंद आहे ना, हेही पाहून ठेवा. याच दिवसांत गारपीटही होऊ शकते, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झाली होती. गारपिटीची सूचना मात्र ७२ तासांच्या आत स्वतः द्यावी लागते.

बाकीचं थोडक्यात

शहादा-तळोद्याकडच्या पपईला केळीसारखाच गारठा बाधतो, फळांचा गोडवा कमी होतो. फळांना कागदाने किंवा गोणपाटाने झाकणं आणि रात्रीचं ठिबक, हे दोन्ही इथेही चालतं. कलिंगड-खरबुजाची जानेवारी-फेब्रुवारीतली रोपं क्रॉप कव्हरखाली असतील तर कव्हर काढायची घाई करू नका. फक्त दुपारी दोन्ही टोकं उघडा, म्हणजे मधमाश्या आत येतील आणि रोपं उकडणार नाहीत. हरभऱ्याची फुलं थंडीने गळतात, पण दिवस तापले की तो पुन्हा फुलतो. त्याला हलकं पाणी पुरे. गव्हाची काळजी करू नका, त्याला ही थंडी मानवते, दाणा भरायला वेळ मिळतो.

वासरं, करडं आणि नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशींना रात्री उत्तरेकडून गोणपाट बांधा, खाली कोरडा भुसा टाका, पहाटे विहिरीचं ताजं पाणी पाजा. गोठा बंद करून आत शेकोटी ठेवू नका, धुराने जनावर दगावतं.

जूनमध्ये करायचं काम

कडब्याचे ताटवे दरवर्षी बांधणं महाग पडतं. पावसाळा सुरू होताच बागेच्या उत्तर आणि पश्चिम बांधावर शेवरी किंवा गजराज गवत दोन ओळींत लावा. केळीपासून पाच-सहा फूट अंतर सोडा आणि मध्ये चर काढा, म्हणजे मुळं खत ओढणार नाहीत. नोव्हेंबरपर्यंत ते केळीच्या उंचीला येतं, थंडीचा वारा अडवतं, एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची झळही अडवतं, आणि गजराज असेल तर जनावरांना वैरण होते. उतार उत्तरेला असलेल्या शेतात या ओळींत दर पन्नास-साठ फुटांवर चार-पाच फुटांची मोकळी जागा ठेवा, थंड हवेला निघून जायला वाट लागते.